पितळेची विशिष्ट उष्मा दरवेळी कमी का येते?

प्रश्न: विशिष्ट उष्मा, म्हणजे 1 ग्रॅम पदार्थ 1 अंशाने तापवायला लागणारी उष्णता, काढायला मिश्रण पद्धत वापरली: तापवलेला गोळा थंड पाण्यात सोडून अंतिम तापमान पाहायचे. 200 ग्रॅमचा पितळी गोळा 99 अंशांना, पाणी 100 ग्रॅम 27 अंशांना, अंतिम तापमान 36.4. उत्तर 0.314 जूल प्रति ग्रॅम अंश. पुस्तकात 0.38 आहे. कॅलरीमापी (पाणी ठेवायचे भांडे) तांब्याचा, ढवळणीसह 60 ग्रॅम.

उत्तर 1: तुम्ही फक्त पाण्याने घेतलेली उष्णता धरलीत. तांबेही तापते: 60 × 0.385 म्हणजे दर अंशाला 23 जूल. पाण्याच्या दर अंशाच्या 418 जूलमध्ये (100 × 4.18) ते मिळवा, उत्तर 0.331 येईल. उरलेली तूट हवेत गेलेल्या उष्णतेची. हिशेब मांडून पाहा, गोळा जणू 91 अंशांवरच पाण्यात पडला! कॅलरीमापी गोळा तापवायच्या भांड्याजवळ आणा, मध्ये जाड पुठ्ठा उभा करा आणि दोरा धरून गोळा झटकन सोडा, पण पाणी उडू देऊ नका. उडालेले पाणी हिशेबात राहते आणि कॅलरीमापीत नसते.

उत्तर 2: गोळा उकळत्या पाण्यातून काढत असाल तर उलट चूकही होते. चिकटून आलेले 1 ग्रॅम गरम पाणी सुमारे 260 जूल जास्त देते, उत्तर 6 टक्क्यांनी वाढते. म्हणून वाफेच्या पेटीत कोरडा तापवणे उत्तम.

सुरुवातीचे पाणी खोलीच्या तापमानापेक्षा 5 अंश थंड घ्या. शेवटी ते साधारण तितकेच वर जाते, आत-बाहेरची देवाणघेवाण बरीचशी फिटते. तापमापी मात्र 0.1 अंशाचाच हवा, 9.4 अंशांच्या वाढीत अर्ध्या अंशाची चूक म्हणजे 5 टक्के.