मदत हवी आहे: एकट्या पडलेल्या ज्येष्ठ पुरुषांसाठी गट सुरू करायचाय

नमस्कार मंडळी,

आई गेल्यापासून बाबा घराबाहेर पडेनासे झालेत. तब्येत ठणठणीत आहे, पैशाची चणचण नाही. पण येणं-जाणं, कोणाचा वाढदिवस, कोण आजारी, हे सगळं आईच सांभाळायची. बाबांची माणसं म्हणजे ऑफिसातली, ती निवृत्तीनंतर पांगली. चौकशी केली तर असे बरेच काका निघाले. म्हणून आम्ही काही जणांनी सत्तरीच्या आगेमागे असलेल्या पुरुषांसाठी नियमित काहीतरी सुरू करायचं ठरवलंय. जागा मिळतेय, अडलंय ते पुढे.

ज्येष्ठांच्या एका मंडळात बाबांना नेलं होतं. गोल करून बसायचं, मन मोकळं करायचं. बायका रमल्या होत्या. बाबा मात्र दाराजवळच्या खुर्चीवरून उठलेच नाहीत. आता म्हणतात, "मला काय झालंय म्हणून मी तिथे जाऊ?" मला ते पटतं. तुम्ही एकटे आहात म्हणून या, असं सांगितलं तर कुठला स्वाभिमानी माणूस येईल? एक काम अडलंय, जरा बघता का, असं विचारलं तर येईल.

शोधताना 'मेन्स शेड'बद्दल वाचलं. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियात याची सुरुवात झाली, २००७ मध्ये तिथे राष्ट्रीय संघटना झाली, पुढे आयर्लंड आणि ब्रिटनमध्येही शेड उभ्या राहिल्या. शेड म्हणजे कार्यशाळाच. निवृत्त मंडळी येतात, लाकूडकाम करतात, सायकली दुरुस्त करतात, संस्थांना लागणाऱ्या वस्तू बनवून देतात. पुरुष समोरासमोर नाही, तर खांद्याला खांदा लावून बोलतात, असं त्यांचं ब्रीद आहे. हे मी घरातच पाहिलंय. भावाबरोबर बिघडलेला पंखा उघडून बसले असताना, नजर स्क्रूवर ठेवून, बाबा आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदा बोलले.

आता प्रश्न. ज्यांनी आयुष्यभर टेबलावरच काम केलं, हातात कधी हातोडी धरली नाही, त्यांना काय द्यायचं? हात थरथरतात, नजर कमी झालीय, अशांना अवजारांपाशी बसवताना काळजी कशी घ्यायची आणि काही लागलं तर जबाबदारी कोणाची? दोन-तीन बोलके लोक ताबा घेतात आणि बाकीचे यायचे थांबतात, हे कसं टाळायचं? कोणी असं काही चालवलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १
अवजारांचा हट्ट धरू नका. आमच्याकडे जुने फोटो स्कॅन करणं, बाग, मुलांना गणित शिकवणं असंही चालतं. टेबलावर काम केलेल्यांना हिशेब आणि सामानाची नोंद द्या, जीव तोडून करतात. विजेवर चालणारी यंत्रं सुरुवातीला नकोतच. विम्याचं आणि जबाबदारीचं जागा देणाऱ्यांशी आधीच लेखी ठरवा. आणि पत्रकं वाटून कोणी येत नाही. ओळखीच्या माणसाने घरी जाऊन, सोबत घेऊनच यावं लागतं. दोनदा न आलेल्या माणसाला तिसऱ्या वेळेआधी फोन गेलाच पाहिजे, ते काम एकाच्या नावावर ठेवा.

धागाकर्ती
मनापासून आभार. हिशेबाची वही बाबांकडेच देते. एक विचारायचं राहिलं: ज्यांना ऐकू कमी येतं ते गटात गप्प बसतात आणि मग येतच नाहीत. त्यांच्यासाठी काय करता?