आजीला विचारू द्या की!

"तू म्हातारी झालीस, मग मरणार कधी?" असं तुमच्या पाच वर्षांच्या लेकीने जेवताना आजीला विचारलं आणि सगळ्यांनी 'अभद्र बोलू नकोस' म्हणून तिला दटावलं, हे काही पटलं नाही. तिच्या लेखी त्यात अभद्र काय होतं?

मारिया नागी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्टमधल्या ३ ते १० वर्षांच्या मुलांशी बोलून केलेला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाचाच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे कुठेतरी जाणं किंवा झोपणं वाटतं. ते सगळ्यांनाच अटळ आहे हे नऊच्या आसपास उमगतं, असं त्यांना आढळलं. पुढच्या संशोधनात ही समज बऱ्याच मुलांना पाच ते सात या वयातच येते असं दिसलं. म्हणजे तुमची पोर नेमकी त्याच वयात आहे. विचारणारच ती!

शिवाय पुष्कळदा पोटातला प्रश्न वेगळाच असतो: मग मला शाळेतून आणणार कोण? दटावलं की तो पोटातच राहतो.

आमच्या भाच्याने माझ्या आईला विचारलं होतं, "तू मेल्यावर हा अडकित्ता माझा ना?" ताई बिचारी ओशाळली. आई सुपारी कातरता कातरता म्हणाली, "तुझाच रे. पण आधी बोटं सांभाळून कातरायला शीक." वर त्याला अडकित्ता हातात धरायलाही दिला.

आणि कधी वेळ आलीच, तर 'आजी झोपली' असं मात्र सांगू नका. काही मुलं मग रात्री झोपायलाच घाबरतात.