मदत हवी आहे: सोव्हिएत रशियाला परकीय कंपनीचा करार मधेच मोडता येत होता का?

गोटा_नर्मदेचा: परवा सादरीकरण आहे. क्रांतीनंतर रशियाने परकीय कंपन्यांना खाणी चालवायला दिल्या होत्या. मंजुरी कोण द्यायचं, आणि सरकारला करार मोडता येत होता का? प्लीज 'गूगल कर' म्हणू नका, तेच करून इथे आलोय.

काथ्याकूट: साल कुठलं? कंपनी कुठली?

तात्या_नगरकर: साल कशाला हवंय? 23 नोव्हेंबर 1920 चा हुकूम वाच. कंपनीला मालातला वाटा, तो बाहेर न्यायची मुभा, मालमत्ता जप्त होणार नाही, आणि सरकार एकतर्फी हुकूम काढून अटी बदलणार नाही. स्वच्छ लिहिलंय. विषय संपला.

काथ्याकूट: तात्या, कागदावर काय, सगळंच असतं. सप्टेंबर 1922 मध्ये सोव्हिएत व्यापारमंत्री क्रासिनने ब्रिटिश खाण उद्योजक उर्कहार्टशी करारावर सही केली आणि पुढच्याच महिन्यात मॉस्कोने तो फेटाळला. म्हणजे शेवटचा शब्द लोक कमिसार परिषदेचा, म्हणजे सोव्हिएत मंत्रिमंडळाचा. 1923 पासून छाननीला मुख्य सवलत समिती (सवलत म्हणजे परकीय कंपनीला खाणी वगैरे चालवायला देणं), 1925 ते 27 ट्रॉट्स्की तिचा अध्यक्ष. @गोटा, अरे कंपनी सांग ना!

सह्याद्रीपुत्र: एन्रॉन आठवलं. 1995 ला युती सरकारने करार रद्द केला आणि मग त्यांच्याशीच पुन्हा बोलणी! आमच्या गुहागरात तेव्हा

तात्या_नगरकर: वेगळा धागा काढा.

गोटा_नर्मदेचा: अहो, सोन्याची. ब्रिटिश. लीना की काहीतरी. लवादाचं पण विचारणार आहेत.

काथ्याकूट: हे आधी सांगायचं! लीना गोल्डफील्ड्स, 1925 चा करार. सायबेरियातलं सोनं, शिवाय उरल आणि अल्ताईतल्या खाणी. करारात लवादाचं कलम होतं, त्यामुळे कायद्याने मनमानी चालत नव्हती. पण 1928 ला पंचवार्षिक योजना आली आणि परकीय भांडवल डोळ्यांत खुपायला लागलं. डिसेंबर 1929 मध्ये कंपनीच्या कचेऱ्यांवर छापे पडले. कंपनी लवादात गेली, पण सोव्हिएत बाजूने मधेच अंग काढून घेतलं. म्हणे कंपनीनेच काम सोडलंय, आता कसला लवाद? तरी 1930 मध्ये लवादाने जवळजवळ 1 कोटी 30 लाख पौंड द्यायला सांगितलं. मॉस्कोने मानलं नाही. 1934 ला 30 लाखांवर तडजोड, तीही 20 वर्षांच्या मुदतीने, बिनव्याजी.

तात्या_नगरकर: सगळ्यांचं असं झालं नाही हो. जपान रशियाच्या साखालीन बेटाच्या उत्तर भागातून 1944 पर्यंत तेल काढत होता.

काथ्याकूट: जपानशी 1925 चा तह होता. त्यांचं सैन्य बेटावरून हटवायचं होतं, त्याची किंमत होती ती. लीनामागे कोण होतं?

तात्या_नगरकर: ब्रिटिश सरकार काय झोपलं होतं?

गोटा_नर्मदेचा: भांडा नंतर. लवादाने कायदा कुठला लावला?

काथ्याकूट: रशियातल्या रोजच्या कामकाजाला रशियन कायदा, बाकीला कायद्याची सर्वमान्य तत्त्वं. भरपाई दिली ती 'दुसऱ्याच्या मालावर फुकट श्रीमंत होता येत नाही' या तत्त्वावर. सादरीकरण त्यावरच कर.

सह्याद्रीपुत्र: वेगळा धागा काढलाय. या तिकडे.