वादळाचं नाव एकदाच वापरावं, की अटलांटिकसारखं फिरवावं?

सीबीडीकर: नावं फिरवावीत, असं माझं स्पष्ट मत. अटलांटिकमध्ये सहा याद्या आहेत, दरवर्षी एक. सातव्या वर्षी पहिली परत येते. एखाद्या वादळाने फार नासधूस केली, तर जागतिक हवामान संघटनेची तिथली समिती ते नाव कायमचं बाद करते. कॅटरिनाच्या जागी कॅटिया आलं. 2024 ची बेरिल, हेलीन, मिल्टन ही तीनही नावं गेली. नाव बाद होणं हीच त्या संहाराची नोंद. आपल्या उत्तर हिंदी महासागरात प्रत्येक नाव एका वापरात संपतं, म्हणजे 2020 चं विध्वंसक अम्फान आणि ऑगस्ट 2024 चं असना एकाच पंक्तीला. असना तर कच्छ किनाऱ्याशी वादळ झालं आणि समुद्रात दूर जाऊन विरलं.

घोडबंदर: सीबीडीकर, आधी हिशेब बघा. आपल्याकडे पहिल्या यादीत 64 नावं होती. 2004 मध्ये ओनिलपासून सुरू झाली, मे 2020 मध्ये अम्फानला संपली. वर्षाला साधारण चार. नवी यादी 13 देशांची, प्रत्येकाची 13, एकूण 169 नावं. म्हणजे चाळीसेक वर्षांची बेगमी. तिकडे वर्षाला सरासरी 14 नावं लागतात, म्हणून फिरवणं त्यांची गरज आहे. आपण ती उसनी कशाला घ्यायची? शिवाय आयडा बघा: 2009 मध्ये आलं, 2021 मध्ये पुन्हा आलं, दोन्ही वेळा मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर. नुसतं ‘आयडा’ लिहिलेला कागद कुठल्या वादळाचा? निसर्ग म्हटलं की 3 जून 2020, अलिबागजवळ. दुसरं काही असूच शकत नाही.

सीबीडीकर: कागदावर साल लिहिलं की तो प्रश्न मिटतो. माझी अडचण वेगळी आहे. दर वेळी अनोळखी नाव येतं. 2021 चं तौक्ते घ्या. म्यानमारने दिलेलं, रोमन स्पेलिंग बघून कोणी टौकटे म्हणालं, हिंदीत ताउते झालं. यादीसोबत उच्चार दिलेला असतो, तो बातमीत पोचतच नाही. फिरती नावं निदान तोंडात बसतात.

खाडीकाठ, ऐरोली: उच्चाराचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय नाव निवडतानाच व्हायला हवा. नाव आठ रोमन अक्षरांपर्यंत असावं, उच्चाराला सोपं असावं, असा नियमच आहे. आणि भारताच्याच नावांत ‘प्रभंजन’ आहे, रोमनमध्ये दहा अक्षरं! शिवाय आपल्याकडेही नाव बाद करावं लागलं आहे. 2013 मध्ये ‘महासेन’वर श्रीलंकेत आक्षेप आला, कारण ते त्यांच्या राजाचं नाव, चालू वादळाचंच ‘वियारू’ करावं लागलं. इशारे निघत असताना नाव बदलणं सगळ्यात घातक.

दिवाळे बंदर: नोंद ठेवायची तर ती हानीच्या अहवालात ठेवा, नावावर हा भार नको. वारा 34 नॉट्स, म्हणजे ताशी 62 किलोमीटरच्या आसपास गेला की नाव मिळतं. तेव्हा किती नुकसान होणार हे कोणालाच ठाऊक नसतं. कमी दाबाच्या पट्ट्याला नाव नसतं, तरी बंदरावर 3 नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याचा इशारा, लागू शकतो, आणि तेव्हाच होडी आत घ्यायची असते. नावाची वाट बघत बसणाऱ्याला उशीर झालेला असतो.

सीबीडीकर: बावट्याचं मान्य. पण मग बाद झालेल्या नावांसारखी आपल्या भीषण वादळांची वेगळी अधिकृत यादी तरी हवी. ती मागणी मी सोडणार नाही.