‘स्ट्राइड’ला ढांग म्हणावं का?

विचारणा : नमपायवर (पायथनमधलं आकडेमोडीचं साधन) मराठीतून टिपण लिहिते आहे, ‘स्ट्राइड’पाशी अडले. ॲरे (आकड्यांचा तक्ता), मेमरी हे शब्द तसेच ठेवणार आहे. याला मात्र मराठी शब्द मिळाला तर हवाय. मेमरीत आकडे एकाच सरळ रांगेत असतात. खालच्या ओळीत किंवा शेजारच्या स्तंभात जायला किती बाइट ओलांडायचे, ती ही संख्या. ६४ बिटी, म्हणजे ८ बाइटांच्या पूर्णांकांच्या ३ ओळी आणि ४ स्तंभ असतील तर (३२, ८) : खाली जायला ३२, शेजारी जायला ८. ‘अंतर’ फार ढोबळ वाटतं.

प्रतिसाद : ‘पाऊल’ घ्या की ताई.

प्रतिसाद : पाऊल नको, ते ‘स्टेप’ला लागेल. एकाआड एक आकडा घेताना स्लाइसमध्ये (ॲरेचा तुकडा काढताना) २ लिहितो, ते पाऊल. ते घटकांत मोजतात, नमपायची स्ट्राइड बाइटांत. (पायटॉर्च या दुसऱ्या साधनात स्ट्राइडही घटकांतच. तिकडून आलेला इथे ठेचकाळतो.) ‘ढांग’ म्हणा. ढांगा टाकणारा मधलं ओलांडून जातो, आणि इथे बदलतो तो चालणाराच. ट्रान्सपोज केल्यावर (ओळींचे स्तंभ, स्तंभांच्या ओळी) मेमरीतले आकडे तसूभरही हलत नाहीत, ढांगा तेवढ्या (८, ३२) होतात. म्हणून रीशेपला (ओळी-स्तंभांची संख्या बदलण्याला) सरसकट ‘फेरमांडणी’ म्हणणं मला खटकतं. बहुतेकदा कुणी काही उचललेलंच नसतं! हां, ट्रान्सपोज केलेली ॲरे सपाट एका ओळीत मागितली तर ढांगांनी भागत नाही, प्रत करावी लागते. तिथे फेरमांडणी खुशाल म्हणा.

विचारणा : पटतंय. पण ब्रॉडकास्टिंगमध्ये (लहान ॲरे मोठीच्या मापाला ताणताना) स्ट्राइड ० असते. शून्याची ढांग कशी टाकायची?

प्रतिसाद : शाळेत कवायतीला कदमताल करायचो, तशी. पाय उचलला, टेकला तिथेच. तोच आकडा पुन्हा हाती. उलटवलेल्या ॲरेत -८ येतं, तिथे ‘उलट्या पावली’ म्हणावंसं वाटेल. म्हणा, एवढं सोवळं नको.

प्रतिसाद : ‘ॲज_स्ट्रायडेड’बद्दल (आकार आणि ढांगा आपणच ठरवून द्यायचं फंक्शन) इशारा नक्की लिहा. १० आकडे, आकार (८, ३), ढांगा (८, ८) दिल्या की तीन-तीन आकड्यांच्या सरकत्या खिडक्या मिळतात, आकड्यांची प्रत न करता. चुकून आकार (९, ३) लिहिलात तर शेवटची ढांग थेट शेजाऱ्याच्या अंगणात! नमपाय कुंपण तपासत नाही. बहुधा निमूटपणे भलताच आकडा हातावर ठेवतं. शिवाय एका खिडकीत लिहिलेलं शेजारच्या खिडक्यांतही उमटतं. नुसत्या खिडक्या हव्या असतील तर आवृत्ती १.२० पासून ‘स्लायडिंग_विंडो_व्ह्यू’ आहे, ते वापरायला सांगा.

विचारणा : ढांग घेते, अनेकवचन ढांगा. ‘स्ट्रायडेड’ हे विशेषण मात्र तसंच ठेवते. ‘ढांगाळ’ लिहून बघितलं, घरी कुणालाच हसू आवरेना.