नवं पोलीस ठाणं हवं की आहे त्या ठाण्याला माणसं?

माळरान
आमच्या तालुक्यात सध्या एकच मागणी गाजतेय: बाजारगावाला स्वतंत्र पोलीस ठाणं द्या. माझा विरोध आहे. तिथे दूरक्षेत्र, म्हणजे ठाण्याची छोटी चौकी, आहेच. एक खोली, एक टेबल आणि बहुतेक वेळा दाराला कुलूप. बीट हवालदार एकच, गावं वीसेक. समन्स बजावणं, विहिरीत सापडलेल्या प्रेताचा पंचनामा, जत्रेचा बंदोबस्त, सगळं त्याच्याच गळ्यात.

ठाणं झालं की पहिली माणसं कुठे लागतात? ठाणे अंमलदार, वायरलेस, लॉकअप गार्ड, मुद्देमाल, कोर्ट पैरवी, गोपनीय माहिती, सीसीटीएनएस म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदीचा संगणक, चालक. त्यातली निम्मी कामं रात्रंदिवस पाळीची. ही माणसं जुन्याच ठाण्यातून काढणार. म्हणजे पाटी नवी लागेल आणि गावात फिरणारा पोलीस होता तोही जाईल.

कडूनिंब
तालुक्याच्या गावात बसून हे लिहिणं सोपं आहे. आमच्या वाडीवरून ठाण्यात जायला दोन एसट्या बदलाव्या लागतात. नवऱ्याने मारलेली बाई दोन एसट्या बदलून तक्रार द्यायला जाईल? ११२ ला फोन केला तर गाडी निघते तालुक्याहूनच, येईपर्यंत मारणारा जेवून झोपलेला असतो. माणसं नाहीत म्हणता, तर भरा. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांना १७ लाखांवर अर्ज आले होते. पोरं पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात की!

निवृत्त हवालदार
भरतीत निवडलेला पोरगा दुसऱ्या दिवशी बीटवर जात नाही हो. आधी प्रशिक्षण, मग मुख्यालय, मग बंदोबस्त. आषाढीला पंढरपूर, हिवाळ्यात नागपूर अधिवेशन, मध्ये गणपती, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे. वायरलेसवर निरोप येतो, ‘इतके अंमलदार रवाना करा’. रवाना झालेले हजेरीपटावर आमचेच, तपासाच्या फायली आमच्याच कपाटात.

शहरांनीही ग्रामीणच्याच ताटातलं उचललंय. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवड आयुक्तालय झालं तेव्हा पुणे ग्रामीणची ठाणी आणि माणसं गेली. २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार झालं, तेव्हा ठाणे ग्रामीण आणि पालघरची. त्यावर कोणी मोर्चा काढल्याचं आठवत नाही.

त्यात १ जुलै २०२४ पासून नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं. चांगलंच आहे, पण आमच्याकडे ते हवालदाराच्या स्वतःच्या मोबाईलवर आणि स्वतःच्या रिचार्जवर व्हायचं. डोंगरात रेंज नसली की फाईल चढवायला फाट्यावर यायचं.

पाणंद
पैशाचं कोणी बोलतच नाही. जिल्हा नियोजन समितीतून गाड्या मिळतात, पालकमंत्री हिरवा झेंडा दाखवतात, फोटो छापून येतो. पुढे टायर, डिझेल आणि चालक यांचं काय? फोटो गाडीचा निघतो, चालकाच्या पगाराचा निघत नाही. मग ठाण्याला रंग, खुर्च्या, चौकातले कॅमेरे लोकवर्गणीतून. वर्गणी देतो कोण? शेतमजूर? वाळूवाला देतो. उद्या त्याचाच हायवा डंपर रात्री अडवायची वेळ आली तर?

देवराई
पोलीस पाटील विसरलात. १९६७ चा कायदा आहे, २०२४ मध्ये मानधन ६,५०० वरून १५,००० झालं. त्यांना काम द्या, पोलिसाचा अर्धा भार हलका होईल.

कडूनिंब
देवराई, पाटील गावातलाच, त्याची भावकी गावातलीच. बांधाचं भांडण तो मिटवेल. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात तो कोणाच्या ओट्यावर बसलेला असतो ते बघा कधीतरी. त्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि त्या एका अधिकाऱ्याखाली अनेक ठाणी. अशा वेळी गावाला बाहेरचा, वर्दीतला माणूसच लागतो.

माळरान
वर्दीतला माणूस लागतो, हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय. ठाणं मागून तो मिळत नाही, पद मंजूर झालं तर मिळतो. निवेदनात एवढं घाला: नव्या ठाण्याची सगळी पदं नव्याने निर्माण करावीत, जुन्या ठाण्यातून एकही वर्ग करू नये. आणि तोवर निदान आठवडे बाजाराच्या दिवशी दूरक्षेत्राचं कुलूप उघडावं. याला तर खर्चही नाही.

कडूनिंब
पदांची ओळ घाला, सही करतो. कुलपाची मात्र घालू नका. साहेब लोक तेवढीच मान्य करतील आणि निवेदन फाईलला लावतील.

निवृत्त हवालदार
बाजार सोमवारी ना? सोमवारी बीट हवालदार तारखेला कोर्टात असतो. किल्ली त्याच्याच खिशात.