आईसोबत १४ तासांची फ्लाइट: जाताना फर्स्ट की जाऊन-येऊन बिझनेस?

खिडकीवाली:
मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय. बरीच वर्षं कार्डाचे पॉइंट्स साठवले, आता हिशोब केला तर आई आणि मी दोघींची एका बाजूची फर्स्ट क्लासची तिकिटं निघतायत, किंवा तेवढ्यातच जाऊन-येऊन बिझनेस बसतंय. फ्लाइट सलग १४ तासांची, रात्री निघते. आई ७१ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. मागच्या वेळी इकॉनॉमीतून आली तेव्हा उतरताना पाय इतके सुजले होते की चप्पल चढेना, मी तिला तशीच अनवाणी व्हीलचेअरवर बसवलं, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आता मला नेमकं विचारायचंय ते असं की फर्स्टमध्ये असं काय मिळतं जे बिझनेसमध्ये मिळत नाही? शॅम्पेन आणि कॅव्हिआरचं सोडा, आम्ही दोघीही घेत नाही. शिवाय आईला बंद जागेत घाबरल्यासारखं होतं, फर्स्टमधल्या त्या स्वीटचं, म्हणजे दार लागणाऱ्या छोट्या खोलीचं, काय करायचं?

रात्रपाळी:
कामामुळे दोन्हींतून बऱ्याचदा गेलोय म्हणून सांगतो. खाणंपिणं, पायजमा, लाउंज हे सगळं छान असतं पण तुमच्या आईसाठी बघायची गोष्ट एकच, पाय ठेवायची जागा. बिझनेसमध्ये बऱ्याच विमानांत सीट आडवी होते खरी पण पाय पुढच्या सीटखालच्या खोबणीत घालावे लागतात, ती खोबण पुढे निमुळती होत जाते, त्यात गुडघा दुमडून कुशीवर वळता येत नाही आणि उठताना आधी पाय मागे ओढून बाहेर काढावे लागतात. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांना तेच जड जातं. फर्स्टमध्ये पायाशी जागा मोकळी असते, सीट रुंद असते, कडेला नीट बसून मग उभं राहता येतं. क्रू येऊन वर वेगळी गादी घालतात, चादर चारी बाजूंनी खोचून देतात, तुम्ही तोवर दात घासून यायचं. आणि जेवण हवं तेव्हा मागता येतं, म्हणजे आईला विमानात बसल्यावर लगेच झोपायचं असेल तर ट्रेची वाट बघत जागं राहायला नको.
एक गोष्ट आवर्जून करा, झोपताना पट्टा पांघरुणाच्या वरून लावायला सांगा. मध्येच हादरे सुरू झाले की पट्टा दिसला नाही तर क्रूला तुम्हाला उठवावंच लागतं.

आभाळवेडा:
रात्रपाळी यांना पूर्ण अनुमोदन. माझी भर एवढीच की कंपनी बघायच्या आधी विमान बघा. फर्स्ट म्हणजे सगळीकडे एकसारखं नसतं. सिंगापूर एअरलाइन्सच्या ए३८० या दुमजली विमानात वरच्या मजल्यावर फक्त ६ स्वीट आहेत, त्यात खुर्ची वेगळी आणि पलंग वेगळा, आणि १ए-२ए किंवा १एफ-२एफ घेतले तर मधली भिंत खाली जाऊन दोन्ही पलंग जोडता येतात. माय-लेकींसाठी याहून चांगलं मला तरी माहीत नाही. एमिरेट्सच्या ए३८० वर फर्स्टला १४ स्वीट आणि २ शॉवर आहेत, पाणी ५ मिनिटांचं मिळतं, किती उरलं ते आत दिव्यावर दिसत राहतं. पण गुडघ्यांचं बघता ओल्या जागेत चालत्या विमानात आईला पाठवू नका असं मी म्हणेन, तुम्ही जाऊन या.
बंद जागेचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी भिंती छातीएवढ्या किंवा डोक्याएवढ्याच असतात, वरून केबिन दिसते, आणि उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी दारं उघडीच ठेवावी लागतात. दार लावायचंच अशी सक्ती कुठेच नसते. फक्त एमिरेट्सच्या ७७७ वरचं २०१७ सालचं नवं केबिन टाळा, तिथे भिंत थेट छतापर्यंत आहे आणि मधल्या स्वीटला खरी खिडकीच नाही, बाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्र स्क्रीनवर दाखवतात.
आणि लांबची फ्लाइट म्हणजे फर्स्ट असणारच असंही नाही बरं का, सिंगापूर ते न्यूयॉर्क ही जगातली सगळ्यात लांबची, १८ तासांच्या वर, तिच्यात फर्स्ट क्लासच नाही.

तिसरीघंटा:
ताई, पॉइंट्स ट्रान्सफर करायची घाई अजिबात करू नका, माझं ऐका. बँकेचे पॉइंट्स एकदा एअरलाइनकडे गेले की बहुतेक वेळा परत येत नाहीत. आधी दोन्ही सीट त्या तारखेला खरंच दिसतायत का बघा, बऱ्याच कंपन्या फर्स्टच्या सीट स्वतःच्याच मेंबरांना देतात, काही तर फक्त वरच्या पातळीच्या मेंबरांना.
माझ्या वडिलांना मी असंच एकदा फर्स्टचं काढून दिलं होतं, कंपनीचं नाव घेत नाही, निघायच्या आदल्या दिवशी विमान बदललं आणि नव्या विमानात फर्स्टच नव्हतं. काउंटरवर त्यांना बिझनेसचा बोर्डिंग पास दिला आणि कोणी दोन शब्द समजावून सांगायलाही आलं नाही, ते माणूस गुपचूप जाऊन बसले, आणि मला ते तिथे पोचल्यावर कळलं. युरोपियन युनियनमधून निघणारी फ्लाइट असेल किंवा तिथल्या कंपनीने तिथे जाणारी असेल तर नियम २६१ आहे, ३५०० किमीच्या वरच्या प्रवासात खालच्या वर्गात बसवलं तर तिकिटाच्या ७५ टक्के परत द्यावे लागतात. वडिलांची फ्लाइट तशी नव्हती, त्यामुळे फक्त थोडे माइल्स, म्हणजे कंपनीचे पॉइंट्स, मिळाले. शेवटच्या आठवड्यात रोज सीट मॅप बघत राहा, सीट नंबर आपोआप बदलला तर समजायचं विमान बदललं आणि लगेच फोन करायचा.

खिडकीवाली:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, आभार. खोबणीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, मी फक्त आडवी होते का एवढंच बघत होते. तिसरीघंटा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. अजून एक, फर्स्टमध्ये झोपली तर पाय सुजणार नाहीत ना?

रात्रपाळी:
पाय आडवे राहिले की सूज कमी येते पण सलग १४ तास पडून राहणंही बरं नाही, दर दोनेक तासांनी उठवून केबिनमध्ये चार पावलं चालवा आणि पायात घालायच्या घट्ट मोज्यांबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. हवा बहुतेक विमानांत सगळ्याच वर्गात कोरडी असते, पाणी मागून मागून प्यायला लावा. विमान निवडता येत असेल तर ए३५० किंवा ७८७ वर आतल्या हवेचा दाब ६००० फुटांवर असतो तेवढा ठेवतात, जुन्यांत तो ८००० फुटांवर असतो तेवढा कमी होतो, फरक जाणवतो. व्हीलचेअर कुठल्याही वर्गात मिळते, ४८ तास आधी सांगा.

खिडकीवाली:
ठरलं. जातानाची रात्रीची फ्लाइट फर्स्टने, आणि येताना मध्ये एक रात्र मुक्काम करून दोन टप्प्यांत प्रीमियम इकॉनॉमी (इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधला वर्ग), तेवढे पैसे मी घालीन. दोन सीट आत्ता दिसतायत, आज रात्रीच कंपनीला फोन करून मगच पॉइंट्स पाठवते. आईला फोटो दाखवले, तिने पलंगाकडे बघून एवढंच विचारलं, "आणि तू बाजूलाच ना?" सीट नंबर दाखवला तेव्हा कुठे हो म्हणाली.